पाइपलाइनचे सपोर्ट नेमके कुठे घ्यायचे?

तक्त्यात दोन सपोर्टमधलं जे अंतर दिलेलं असतं, ती फक्त सुरुवात. एएसएमई बी३१.१ हा पाइपिंगचा अमेरिकी कोड पाण्याच्या ४ इंची स्टील लाइनला १४ फूट, म्हणजे साधारण ४.३ मीटर सुचवतो, पण ते सरळ आडव्या लाइनसाठी. व्हॉल्व्ह आला की सपोर्ट त्याच्या शेजारीच घ्या. पंपाच्या नोझलवर, म्हणजे पाइप जोडायच्या तोंडावर, लाइनचं वजन टाकू नका.

वाफेची लाइन असेल तर आधी वाढ मोजा: तापमान १०० अंशांनी चढलं की कार्बन स्टील मीटरमागे सुमारे १.२ मिलिमीटर लांबतं. दोन्ही टोकं जखडलीत तर लाइन कुठेतरी बंड करणारच.

चेंबूरला एकदा क्लॅम्प सोडला, तर पाइपच्या बुडाला गंजाचे पापुद्रे! पावसाचं पाणी तिथेच मुरत होतं. मुंबईच्या खाऱ्या हवेत पाइप थेट अँगलवर टेकवू नका, मध्ये वेअर पॅड, म्हणजे झीज सोसणारी पट्टी, लावा.