वृद्धाश्रम पाहायला जाताना: वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात वृद्धाश्रमांच्या सुरक्षिततेबद्दल आणि तिथल्या देखभालीबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: आईचं वय 78. अर्धांगवायूनंतर तिची डावी बाजू अशक्त आहे, वॉकर धरून चालते. वृद्धाश्रम पाहायला गेलो की बाग, देवघर आणि टीव्हीचा हॉल दाखवतात. आम्ही नेमकं काय पाहायचं? (नाशिक)

आधी न्हाणीघर आणि संडास पाहा. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. दार आत उघडत असेल आणि आई दाराशीच पडली, तर तिच्या अंगानेच ते अडून बसतं. कडी बाहेरून नाण्याने फिरवून काढता येईल अशी हवी.

मग ग्रॅब बार, म्हणजे उठता-बसताना आधाराला धरायचा दांडा. तो भिंतीत स्क्रूने पक्का बसवलेला असावा. दोन्ही हातांनी धरून अंगाचा भार टाकून ओढा. जरासाही हलला तर तो नसल्यातच जमा. टाइलवर चिकटवायचे रबरी चकतीचे दांडे ओल्या भिंतीवरून सुटतात, आणि टॉवेलची दांडी म्हणजे ग्रॅब बार नव्हे. तुमच्या आईसाठी तर तो बसल्यावर उजव्या हाताला यायला हवा. डाव्या बाजूला असलेला कितीही मजबूत बार तिच्या उपयोगाचा नाही, आणि खोली देताना हे कुणी लक्षात घेत नाही. कमोडची बैठक जमिनीपासून 45 ते 48 सेंटीमीटर असली की उठताना गुडघ्यांवर जोर कमी येतो. दोन सेंटीमीटरच्या उंबरठ्यालाही वॉकरचा पाय अडतो, म्हणून खाटेपासून संडासापर्यंतची वाट स्वतः वॉकर ढकलत चालून पाहा. त्या वाटेवर रात्री दिवा असतो का, तेही विचारा.

गीझरच्या नळाखाली थर्मामीटर धरा. अंघोळीचं पाणी 43 अंशांच्या वर नको. 60 अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत खोलवर भाजतं, आणि वृद्धांची त्वचा पातळ असल्याने त्यांना तेवढाही वेळ लागत नाही. अर्धांगवायूच्या बाजूला चटका कळत नसेल तर धोका आणखी वाढतो. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि अंगावर घेण्याआधी मदतनिसाने कोपर बुडवून पाहायचं, ही तिथली रोजची पद्धत आहे का, हे मॅनेजरला न विचारता थेट मदतनिसाला विचारा.

शेवटी बेल दाबा आणि घड्याळ पाहा. कोण आलं आणि किती मिनिटांनी? बेलची दोरी जमिनीपर्यंत लोंबती हवी, कारण पडलेल्या माणसाचा हात भिंतीवरच्या बटणापर्यंत पोहोचत नाही. एक भेट ठरवून घ्या; दुसरी न कळवता, संध्याकाळी सातच्या सुमारास. जेवण, औषधं आणि पाळी बदलण्याची घाई तेव्हा एकत्र येते आणि माणसं कमी पडत असतील तर ते लगेच दिसतं.

प्रश्न: सासरे तिसऱ्या मजल्यावर राहतात, स्वतः उठू शकत नाहीत. रात्री जिन्याच्या जाळीच्या दाराला कुलूप असतं. ‘फायरचं सर्टिफिकेट आहे’ एवढंच सांगतात. ते पुरेसं आहे का? (ठाणे)

नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म ‘बी’, दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. तेव्हा मागे कधीतरी मिळालेला दाखला पाहू नका, शेवटच्या सहामाहीचा फॉर्म ‘बी’ मागा. मग तो कागद आणि भिंतीवरची वस्तू जुळते का ते पाहा. आग विझवायच्या पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा, पिन आणि सील जागेवर हवं. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला असा काटा नसतो. तो वजन करून तपासतात, म्हणून त्यावरच्या चिठ्ठीवर वजन आणि तारीख लिहिलेली हवी. होज रील, म्हणजे आगीवर पाणी मारायची गुंडाळलेली नळी, थोडी उलगडून दाखवायला सांगा. कापडं वाळत घातलेली किंवा खुर्च्यांआड दडलेली रील वेळेला कामी येत नाही.

खरा प्रश्न मात्र माणसांचा आहे, आणि तो कोणत्याच फॉर्मवर येत नाही. समजा मजल्यावर 12 अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत आणि रात्री दोन मदतनीस. एकाला हलवायला दोघं लागतात. प्रत्येकी तीन मिनिटं धरली तरी 36 मिनिटं होतात. धूर तेवढा वेळ देत नाही. म्हणूनच अशा ठिकाणी सगळ्यांना जिन्याने खाली नेण्याआधी त्याच मजल्यावर, मधलं दार बंद करून, पलीकडच्या सुरक्षित भागात नेण्याची योजना लागते. माणसाला चादरीसकट किंवा गादीसकट जमिनीवरून ओढत न्यायचं असतं. हा सराव रात्रपाळीच्या माणसांनी शेवटचा कधी केला, त्याची तारीख विचारा. दिवसाच्या कर्मचाऱ्यांचा सराव रात्रपाळीला उपयोगी पडत नाही.

जाळीच्या कुलपाबद्दल ठाम राहा. विसरभोळेपणा असलेली माणसं बाहेर जातील ही भीती खरी आहे, पण त्यावर उपाय दार उघडलं की वाजणारा गजर आणि जागा माणूस हा आहे. किल्ली तळमजल्यावरच्या टेबलाच्या खणात असेल तर तिसऱ्या मजल्यावरची माणसं कोंडलेलीच समजायची. आणखी एक: खोलीत ऑक्सिजन चालू असेल तर तिथे निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती काहीही नको. देवाचा दिवा देवघरातच लावू द्या.

प्रश्न: बाबांना दिवसाला नऊ गोळ्या आहेत. ‘सिस्टर देतात’ म्हणतात. चुका होतात की नाही हे आम्हाला कसं कळणार? (पुणे)

दुपारी बारा वाजता औषधांचा तक्ता मागा. त्यावर रात्रीच्या गोळीचीही सही आधीच झालेली असेल तर तो तक्ता खोटा आहे. सही गोळी गिळल्यावर करायची असते. दुसरी तपासणी मोजणीची: पाकीट कोणत्या तारखेला उघडलं, रोज किती लागतात आणि आज किती उरल्या? हिशोब जुळला नाही तर गोळ्या चुकल्या आहेत किंवा दुबार गेल्या आहेत.

सगळ्यात जास्त गोंधळ रुग्णालयातून परत आल्यावर होतो. डिस्चार्ज कार्डावर नवी नावं असतात, जुनं पाकीट कपाटात तसंच असतं आणि दोन्ही चालू राहतात. एकच घटक दोन कंपन्यांच्या दोन नावांनी पोटात जातो. रक्तदाबाची गोळी अशी दुप्पट झाली की उठून उभं राहताना दाब खाली येतो आणि माणूस पडतो. आश्रमात परतलेल्या दिवशीच जुनी आणि नवी यादी समोरासमोर ठेवून, ब्रँडचं नाव सोडून घटकाचं नाव जुळवा आणि बंद झालेली पाकिटं तिथून उचलून आणा.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट असेल तर आठवड्याचा वार तक्त्यावर ठळक लिहिलेला हवा. आठवड्यातून एकदा घ्यायची ही गोळी चुकून रोज दिली गेली तर जिवावर बेतू शकतं. गिळायला त्रास होतो म्हणून सगळ्या गोळ्या कुटून दह्यात कालवण्याची पद्धतही सर्रास दिसते. ‘एसआर’, ‘एक्सआर’, ‘ईआर’ लिहिलेल्या गोळ्या कुटायच्या नसतात. दिवसभर हळूहळू सुटणारं औषध एकदम अंगात जातं. डॉक्टरांकडून पर्याय लिहून घ्या. इन्सुलिनचा साठा 2 ते 8 अंशांत हवा, फ्रीजरच्या कप्प्याला टेकलेला नको. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं. उघडलेल्या बाटलीवर उघडल्याची तारीख हवी; बहुतेक प्रकार त्यानंतर 28 दिवसच वापरतात.

प्रश्न: आजी आठ महिन्यांपासून आश्रमात आहे. खूप बारीक झाली आहे. ‘वयामुळे’ म्हणतात. हलगर्जीपणा कसा ओळखायचा? (कोल्हापूर)

‘वयामुळे’ हे उत्तर मान्य करू नका. दर महिन्याच्या वजनाची नोंद मागा. महिन्यात 5 टक्के किंवा सहा महिन्यांत 10 टक्के घट झाली तर डॉक्टरांनी कारण शोधलंच पाहिजे. 52 किलोच्या आजीच्या बाबतीत म्हणजे महिन्यात 2.6 किंवा सहा महिन्यांत 5.2 किलो. वजनच केलं जात नसेल तर तीच पहिली त्रुटी. कारण पुष्कळदा साधं असतं: कवळी सैल झाली आहे, हात थरथरतो म्हणून घास सांडतो, भरवणारीला पाच जणींना भरवायचं असतं. रात्रीचं जेवण साडेसहाला आणि नाश्ता साडेआठला असेल तर मध्ये चौदा तास पोट रिकामं राहतं. डायपर भिजू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच न देण्याची चाल काही ठिकाणी असते. सुकलेली जीभ आणि गडद पिवळी लघवी दिसली तर तिला पाणी कमी पडतंय असं समजा.

मग तिला कुशीवर वळवून कंबरेखालचं माकडहाड, नितंबांची बाजू आणि टाचा पाहा. लाल डागावर बोट दाबून सोडा. लाली जराही फिकी होत नसेल तर ती बेडसोअरची, म्हणजे पडून राहून दाबाने होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी आहे. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागते का ते हाताने पाहा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलतात. त्या तक्त्यावर रात्रभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने, बरोबर दोन-चार-सहाच्या ठोक्याला भरलेल्या असतील तर त्या सकाळी एकदम बसून भरल्या असण्याची शक्यता मोठी. एअर मॅट्रेस (पंपाने फुगवलेली हवेची गादी) असली तरी कूस बदलावीच लागते. पंपाचा आकडा तिच्या वजनाप्रमाणे लावलेला आहे का? तिच्या कंबरेच्या बरोबर खाली, गादीखालून तळहात घाला. वर इंचभरही फुगीर हवा लागत नसेल तर ती खालच्या फळीवरच झोपली आहे.

ती दिवसभर गुंगीत असेल तर झोपेची गोळी कुणी, कधी आणि कशासाठी लिहिली याचा कागद मागा. हात खाटेला बांधल्याचे वळ दिसले तर त्याच दिवशी फोटो काढा आणि बाहेरच्या डॉक्टरांकडून तपासून लेखी नोंद घ्या.

प्रश्न: तक्रार कुठे करायची? (छत्रपती संभाजीनगर)

आधी संस्थेला तारखेसह लेखी द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे अर्ज करा. संस्था सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय कार्यालयाकडे, स्वयंपाकघराबद्दल असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे, आगीच्या व्यवस्थेबद्दल असेल तर पालिकेच्या अग्निशमन विभागाकडे. मारहाण किंवा बांधून ठेवण्याचा संशय असेल तर थेट पोलीस ठाणं. ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 आहे.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालचं न्यायाधिकरण मुलांकडून किंवा वारसांकडून निर्वाह मिळवून देण्यासाठी आहे. आश्रमातल्या निकृष्ट सेवेची तक्रार घेऊन तिथे गेलात तर वेळ वाया जाईल.

तक्रारीत ‘काळजी घेत नाहीत’ असं मोघम लिहू नका. ‘अमुक तारखेला, संध्याकाळी 7.10 ला बेल दाबली, 7.34 पर्यंत कुणी आलं नाही’ असं लिहा. तक्रार देण्याआधी औषधांचा तक्ता, वजनाची नोंद आणि करारपत्र यांचे फोटो काढून ठेवा. नंतर हे कागद मिळणं अवघड जातं.