ऐरोलीत आयटीत आहे, नोकरीचा भरवसा नाही. येशू म्हणतो उद्याची चिंता करू नका. मग बचत आणि विमा म्हणजे अविश्वास का?

नाही, बचत करा आणि विमाही काढा. बायबलमधल्या मत्तय ६:३४ मध्ये मनाई आहे ती जीव पोखरणाऱ्या काळजीला. 'चिंता करणे' यासाठीच्या मूळ ग्रीक 'मेरिम्नाओ' या शब्दाचा रोख तिकडेच आहे, नियोजनाकडे नाही. शिष्य होण्याची किंमत सांगताना येशूनेच लूक १४:२८ मध्ये बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्याचा दाखला दिला. मला त्याहून बोलकी वाटते ती प्रेषितांची कृत्ये ११ मधली गोष्ट: अगब संदेष्ट्याने दुष्काळ येणार असं सांगितल्यावर अंत्युखिया शहरातले शिष्य नुसते प्रार्थना करत बसले नाहीत, घाबरून स्वतःची कोठारंही भरली नाहीत. ऐपतीप्रमाणे पैसे काढून त्यांनी यहूदीयातल्या बांधवांना पाठवले. तुमच्याच चर्चच्या मंडळीत कुणाची नोकरी गेली असेल, तर सहा महिन्यांच्या खर्चाची तजवीज करताना त्यांच्या घरभाड्याचाही विचार त्यात येतो. (ऐरोलीतली भाडी बघता हा विचार स्वस्त नाही, कबूल.)

एक मात्र आहे. लूक १२ मधल्या श्रीमंत शेतकऱ्याने जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचा बेत केला आणि त्याच रात्री त्याचा जीव मागितला गेला. रोज रात्री झोपण्याआधी म्युच्युअल फंडाचं ॲप उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नसेल, तर ती बचत राहिलेली नाही.