ऑकमचा वस्तरा: अर्थ आणि प्रतिशब्द

विचारणा अशी: 'ऑकमचा वस्तरा' म्हणजे 'सर्वांत सोपं उत्तर तेच खरं' असं लेखांतून वाचायला मिळतं. हे बरोबर आहे का? आणि त्याऐवजी सरळ 'लाघवन्याय' (भारतीय तर्कशास्त्रातला लाघवाचा, म्हणजे हलकेपणाचा नियम) म्हणावं का?

बरोबर नाही. हा वस्तरा म्हणजे विचार करण्याचा एक नियम, आणि तो उत्तराच्या सोपेपणावर नव्हे, तर गृहीत धरलेल्या गोष्टींवर चालतो. दोन स्पष्टीकरणांनी सगळ्या पुराव्यांचा सारखाच उलगडा होत असेल, तर ज्यात कमी गोष्टी मानाव्या लागतात ते घ्यायचं. एकही पुरावा सुटत असेल तर वस्तरा बाजूला ठेवायचा. बहुतेक लेखांत नेमकी हीच अट गळते. शिवाय छाटलेली गोष्ट खोटी ठरत नाही. ती मानायला कारण नाही, एवढंच ठरतं. म्हणून 'ऑकमच्या वस्तऱ्याने सिद्ध झाले' हे वाक्य चूक.

हा नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो तो विल्यम (सुमारे १२८७–१३४७) हा इंग्लंडमधल्या ऑकम गावचा फ्रान्सिस्कन संन्यासी. ऑकम हे आडनाव नव्हे आणि उच्चारात 'ह' नाही, तेव्हा 'ऑकहॅम' लिहू नये. विनाकारण अनेकत्व मानू नये, असं तो वारंवार म्हणतो. मात्र स्वयंसिद्धता, अनुभव आणि पवित्र शास्त्राचं प्रमाण ही तिन्ही कारणं त्याला चालतात. 'गरजेविना वस्तू वाढवू नयेत' हे प्रसिद्ध लॅटिन वचन त्याच्या ग्रंथांत सापडत नाही. ते १६३९ साली जॉन पंच याने लिहिलं, आणि 'वस्तरा' हे नावही सतराव्या शतकातलं.

विल्यमने हा वस्तरा चालवला कसा, हे गतीच्या उदाहरणात छान दिसतं. वस्तू एकामागून एक जागा व्यापत जाते, एवढ्याने काम भागतं. वस्तू आणि जागा यांच्याखेरीज 'गती' नावाचं वेगळं काही मानायला नको. तसंच दोन पांढऱ्या वस्तू सारख्या असायला दोहोंत वसणारं एकच 'पांढरेपण' लागत नाही. आपल्या नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांच्या भाषेत सांगायचं तर त्याने 'सामान्य' म्हणजे जाती (अनेक वस्तूंत वसणारा एकच समान धर्म) हा पदार्थच नाकारला.

'लाघवन्याया'ची अडचण इथेच येते. नैयायिक लाघवाचा आधार घेऊन कित्येकदा जाती सिद्ध करतात: अनेक धर्मांची (गुणवैशिष्ट्यांची) जुळणी करण्यापेक्षा एक अखंड जाती मानणं त्यांना हलकं वाटतं. त्यांचं लाघवही तीन तऱ्हांचं, शरीरकृत, उपस्थितिकृत आणि संबंधकृत. लक्षण (व्याख्या) आटोपशीर असणं, ते मनात चटकन उभं राहणं, संबंध जवळचा असणं, हे सगळं त्यात मोजलं जातं. विल्यमचा रोख मुख्यतः मानलेल्या वस्तूंच्या संख्येवर. व्याकरणातलं अर्धी मात्रा वाचवण्याचं लाघव तर सूत्राच्या लांबीचं, म्हणजे आणखी निराळं.

तेव्हा संज्ञा म्हणून 'ऑकमचा वस्तरा'च ठेवावा. पहिल्या उल्लेखात 'विनाकारण वस्तू न मानण्याचा नियम' अशी फोड द्यावी. 'लाघव' हा शब्द तुलनेसाठी वापरायला हरकत नाही.