एचआयव्ही रोखणारं जेल इतकी वर्षं संशोधन होऊनही का मिळत नाही?

तुमचा प्रश्न असा, की संबंधांआधी लावायचं एचआयव्हीरोधक जेल इतकी वर्षं 'येणार, येणार' म्हणतात, मग अडलं कुठे? विषाणू फार चिवट आहे म्हणून? मी औषधी जेल तयार करण्याच्या क्षेत्रात काम करते. माझ्या मते विषाणू हे अर्धंच कारण आहे.

मुळात ही कल्पना स्त्रियांसाठी पुढे आली. कंडोम वापरायचा की नाही, हे बहुतेक वेळा पुरुष ठरवतो. त्याला न विचारता वापरता येईल असं काहीतरी तिच्या हातात हवं होतं.

सुरुवातीची आशा होती नॉनॉक्सिनॉल-९ वर. हे साबणासारखं रसायन विषाणूचं आवरण फोडतं, पण योनीच्या अस्तराच्या पेशीही फोडतं. २००० साली डर्बनच्या एड्स परिषदेत त्याच्या चाचणीचा निकाल आला, तेव्हा ते वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये लागण कमी नव्हे, जास्त आढळली. आमच्यासारख्यांनी यातून घ्यायचा धडा मोठा आहे. नुसतं औषध सुरक्षित असून भागत नाही, ज्यात ते मिसळतो ते जेलही निरुपद्रवी हवं. ग्लिसरीन जास्त झालं तर ते पेशींतलं पाणी ओढून घेतं आणि अस्तर सोलवटतं. योनीतली आम्लता बिघडली तर तिथल्या उपकारक जिवाणूंना त्रास होतो.

नंतर विषाणूला पेशीला चिकटूच न देणारी जेल आली. त्यातल्या सेल्युलोज सल्फेटच्या चाचण्या २००७ मध्ये थांबवाव्या लागल्या. प्रो २००० या जेलची चाचणी ९,००० हून जास्त स्त्रियांवर झाली, २००९ मध्ये निकाल आला : फायदा नाही. काचेच्या नळीत चांगलं चालणारं हे औषध वीर्य मिसळल्यावर दुबळं पडत होतं.

मग २०१० मध्ये कॅप्रिसा ००४ या चाचणीचा निकाल आला. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताळमधल्या ८८९ स्त्रियांपैकी साधारण निम्म्या जणींना टेनोफोविर या एचआयव्हीवरच्या औषधाचं १ टक्क्याचं जेल दिलं, बाकीच्यांना औषध नसलेलं : एक मात्रा संबंधांच्या आधी १२ तासांत, दुसरी नंतरच्या १२ तासांत. औषधाचं जेल मिळालेल्यांमध्ये लागण ३९ टक्क्यांनी कमी झाली. हे औषध पेशीत शिरून विषाणूच्या नव्या प्रती बनणंच थांबवतं. जेलने एचआयव्ही रोखता येतो, हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

पण याच जेलच्या पुढच्या दोन मोठ्या चाचण्यांत, व्हॉइस आणि फॅक्ट्स ००१ मध्ये, एकूण फायदा दिसला नाही. व्हॉइसमध्ये जेल दिलेल्या स्त्रियांच्या रक्ताच्या नमुन्यांपैकी जेमतेम चौथ्या हिश्श्यात औषध सापडलं. म्हणजे बहुतेकींकडून जेल वापरलंच जात नव्हतं. याचा दोष त्या स्त्रियांवर टाकला जातो तेव्हा मला फार वाईट वाटतं. फॅक्ट्समधल्या बऱ्याच जणी तरुण, अविवाहित, आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या होत्या. जेलच्या नळ्या लपवायच्या कुठे? संबंध येणार हे आधी कळणार कसं? आणि नंतर पुन्हा लावायला उठायचं कसं? हे प्रश्न जेल बनवणाऱ्यांनी आधी विचारायला हवे होते.

म्हणून संशोधन महिनाभर योनीत राहणाऱ्या, डॅपिव्हिरिन हे एचआयव्हीरोधक औषध सोडणाऱ्या रिंगकडे वळलं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. आता लागण टाळण्यासाठी सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं लेनाकापाविर या औषधाचं इंजेक्शनही आहे. गुदमार्गासाठीच्या जेलवरही काम झालं आहे.

तोवर एक लक्षात ठेवा : दुकानात मिळणारं कुठलंही वंगण-जेल एचआयव्हीपासून वाचवत नाही, आणि नॉनॉक्सिनॉल-९ असलेलं तर टाळाच. कंडोम वापरा आणि प्रेपच्या, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.