बँड नंतर काढ, आधी साथ कर

अगं, तुझा मेसेज दोनदा वाचला. व्हायोलिनच्या ग्रेडच्या परीक्षा संपल्या, आता जॅझ पण करायचंय, आपलं लोकसंगीत पण करायचंय, आणि लगेच स्वतःचा बँड काढायचाय, नावसुद्धा ठरवलंयस. नाव मस्तच आहे. पण मला विचारशील तर बँड थोडा थांबू दे, एक-दोन वर्षं नुसती साथ कर. जो बोलावेल त्याच्या मागे उभी राहा, गझलवाला असो, शाहीर असो नाहीतर वांद्र्यातला एखादा जॅझ ट्रायो असो.

तू ज्यांची नावं लिहिलीयेस त्यांचंच बघ ना. मार्क ओ'कॉनर, तेराव्या वर्षी अमेरिकेतल्या नॅशव्हिलची मोठी फिडलची, म्हणजे लोकसंगीताच्या ढंगातल्या व्हायोलिनची, स्पर्धा जिंकलेला पोरगा, तो ऐन तरुणपणी जॅझ व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेलीबरोबर टूरवर गेला तो गिटार वाजवायला! रोज रात्री ग्रापेलीच्या मागे बसून कॉर्ड्स द्यायच्या, म्हणजे त्यांचा सोलो कुठे श्वास घेतो, कॉर्ड बदलायच्या जराशी आधीच सूर कसा तिकडे वळतो, हे सगळं त्याला आतून ऐकायला मिळालं. पुढे १९९६ मधे चेलोवादक यो-यो मा आणि बासवादक एडगर मायरबरोबर त्याचा 'अ‍ॅपलेशिया वॉल्ट्झ' हा अल्बम आला, त्यात फिडल कुठे संपतं आणि क्लासिकल कुठे सुरू होतं ते शोधून सापडत नाही, आणि मला ठाम वाटतं की हे दुसऱ्याच्या मागे बसल्याशिवाय येत नाही.

ग्रापेली ऐकतेस ना, मग एक कर. १९३४ ला पॅरिसमधे गिटारवादक जँगो राइनहार्टबरोबर त्यांचा जो क्विंटेट (पाच जणांचा बँड) झाला त्याची रेकॉर्डिंग्ज लाव आणि काही दिवस व्हायोलिनकडे लक्षच देऊ नकोस. तीन गिटार, एक बास, एक व्हायोलिन, ड्रम्स नाहीतच त्यात. मग ठेका कोण धरतंय? मागच्या दोन गिटार. त्यांच्यावर टाळी दे, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, आणि टाळी आपोआप पडायला लागली की मगच व्हायोलिन हातात घे.

आता तुझा खरा प्रश्न, की व्हायोलिनने साथ करायची म्हणजे नेमकं काय करायचं, लांब लांब सूर धरून ठेवायचे का. नाही गं. चॉप शीक. फिडलवादक रिचर्ड ग्रीनने १९६० च्या दशकात बिल मन्रोच्या ब्लूग्रास (अमेरिकन लोकसंगीताचा एक प्रकार) बँडमधे हे सुरू केलं आणि डॅरोल अँगर या दुसऱ्या फिडलवादकाने पुढे खूप वाढवलं. बो (गज) अगदी हाताजवळ, मुठीच्या बाजूने, तारांवर वरून टाकायचा, ओढायचा नाही, टाकायचा, खर्रकन आवाज येतो आणि तिथेच थांबतो, मग उचलताना हवा असेल तर थोडा सूर काढायचा. डाव्या हाताची बोटं तारांवर हलकी ठेवायची म्हणजे नको तो सूर वाजत नाही. पहिले काही दिवस नुसतं खरडल्यासारखं वाटेल आणि घरचे वैतागतील, चालू दे. मनगट सैल राहिलं पाहिजे, खांदा दुखायला लागला तर लगेच थांब.

आणि हे आलं की संबळाबरोबर बस. गोंधळ घालणाऱ्यांबरोबर बसायची संधी मिळाली तर सोडू नकोस. तुणतुणं एकच सूर धरून असतं आणि त्या एका सुरावर बाकी सगळं उभं राहतं, तू पण तसाच एक सूर धरून नुसत्या बोने जोर कुठे पडतो ते शोध. लावणीचा एक तुकडा उचलून खाली जॅझच्या कॉर्ड्स टाकल्या की फ्युजन झालं असं खूप जण समजतात, मला ते ऐकवत नाही. सूर तेच असतात, वेगळेपणा सगळा बोमधे असतो. आपल्याकडे एका बोमधे चार-पाच सूर मींडेने, म्हणजे एकमेकांत घसरत, येतात, फिडलमधे छोटे छोटे स्ट्रोक, स्विंगमधे, म्हणजे ग्रापेलीच्या जॅझमधे, बो अशा जागी बदलतो की जोर मात्रेच्या मधे पडतो.

व्हायोलिनवादक प्रभाकर जोगांना 'गाणारं व्हायोलिन' म्हणायचे ते उगाच नाही. बाबूजींच्या (सुधीर फडके) गीतरामायणाला साथ करणारा माणूस, त्यांच्या बोला शब्द माहीत होते, कुठला शब्द कुठे तुटतो ते माहीत होतं. तू कुठल्याही मराठी गाण्याला साथ करताना आधी शब्द पाठ कर, नोटेशन नंतर.

आणि मुंबईत असं काही नवीन करतोय असं मनात आणू नकोस, व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस दिवसभर फिल्म स्टुडिओत वाजवायचे आणि त्यांनीच १९५८ मधे राग आणि ऑर्केस्ट्रा एकत्र आणायला स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभा केला. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलालजी त्यांचेच शिष्य. म्हणजे इथे रस्ता आधीच पडलेला आहे, त्यावर चालायला लाज कसली.

पैशाचं थोडक्यात सांगते. लग्नाच्या गिग्ज घे, स्टुडिओतलं सेशन घे, पण फी आधी ठरव आणि मेसेजवर लिहून घे, 'एक्स्पोजर मिळेल' म्हणणाऱ्याला गोड बोलून नाही म्हण. स्वतःची चाल रेकॉर्ड झाली की आयपीआरएसची (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) मेंबरशिप घे. पिकअपबरोबर (व्हायोलिनला लावायचं, आवाज पकडणारं उपकरण) चांगला प्रीअ‍ॅम्प (तो आवाज नीट करून पुढे पाठवणारी पेटी) घे, नाहीतर स्टेजवर व्हायोलिन पत्र्यासारखं वाजतं आणि साउंडवाला तुझ्यावरच चिडतो. पावसाळ्यात केसमधे सिलिका जेल ठेव, खुंट्या फुगून अडकल्या तर जोर लावू नकोस, धोबीतलावला वाद्यांच्या दुकानात नेऊन दाखव.

बाबांशी मी बोलेन हवं तर, त्यांची काळजी खोटी नाहीये. पण आधी तू मला त्या क्विंटेटच्या एका ट्रॅकवर नुसता चॉप वाजवून पाठव, सोलो नको, पूर्ण ट्रॅकभर, फोनवर रेकॉर्ड केलेला चालेल. तो ऐकून कुणाला तुझं नाव सुचवायचं ते ठरवते, दोघंतिघं साथीला माणूस शोधतायत.

ताई