अमेरिकन पोलिसांच्या गाड्यांपुढचा पुश बार (दुसरी गाडी ढकलायला लावलेली धातूची चौकट) काढता येतो का? तो बसवतात कुठे?

हो, येतो. बंपरच्या प्लास्टिकवर त्याचा भार नसतोच. ते एका ढकलीत फुटेल. मागे लोखंडी ब्रॅकेट असतात, ते थेट चेसिसला (गाडीच्या मूळ सांगाड्याला) किंवा बंपरमागच्या बीमला, बहुतेक कंपनीच्याच भोकांतून बोल्टने आवळतात. बोल्ट सोडले की बार हातात. गाडी निवृत्त झाली की बार काढून ठेवता येतो; मात्र दुसऱ्या मॉडेलला ब्रॅकेट वेगळे लागतात.

उभ्या पट्ट्यांवर जाड रबर असतं, कारण मुख्य काम बंद पडलेली गाडी हळूच कडेला ढकलायचं. एअरबॅगच्या सेन्सरला अडथळा येणार नाही असाच बार निवडावा लागतो.

आणि हो, हे बघून आपल्या बोलेरोला बुलबार (बंपरपुढचा धातूचा गार्ड) लावू नका. 2017 च्या डिसेंबरमध्ये केंद्राने ते मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 विरुद्ध ठरवलेत.