खाडा पडला तर निरोप द्यायचा असतो

पोरी,

तुझा मेसेज काल रात्री साडेअकराला आलेला, मी पाहिला सकाळी चहाच्या वेळी. फोनच करणार होतो पण मी एकदा बोलायला लागलो की थांबत नाही असं तुझी काकू रोज ऐकवते आणि तुला अजून दम लागतो, म्हणून लिहूनच पाठवतोय. एका बोटाने टाईप करतोय, ऱ्हस्वदीर्घ काढत बसू नको.

तू विचारलंस, काका मी डेंग्यूने सलाईन लावून पडले होते आणि इथे वाचक पैसे परत मागतायत, दर रविवारी मोबाईलवर आपल्या खान्देशच्या अहिराणी बोलीतल्या एका शब्दाची गोष्ट पाठवते ते बंदच करून टाकू का? बंद वगैरे काही करायचं नाही. पण तुझं काहीच चुकलं नाही असंही मी म्हणणार नाही, त्यासाठी तुझ्या मैत्रिणी आहेत.

आधी पैशाचं बघू. महिन्याचे ५० रुपये घेतेस, महिन्यात चार रविवार, म्हणजे एका अहिराणी शब्दाची गोष्ट साडेबारा रुपयाला पडली. तो सुरतचा माणूस दोन रविवारचे २५ रुपये मागतोय. आता सुरतेत उधना-लिंबायतकडे राहणारा आपला खान्देशी माणूस २५ रुपयासाठी भांडतो असं तुला खरंच वाटतं का? तो दोन रविवार सकाळी उठला, चहा घेतला, मोबाईल उघडून बघितला, काही नाही. परत दहाला बघितला. बायकोला म्हणाला असेल, आज आलं नाही गं अजून. घरात अहिराणी बोलायला म्हातारी आई होती ती गेली असेल, पोरं गुजरातीत बोलतात, त्याला आठवड्यातून एकदा 'शे' आणि 'ऱ्हायना' ऐकायला मिळतं ते तुझ्याकडून. तो चिडला तर चिडू दे, त्याच्या चिडण्यात तुझी किंमत आहे. ज्याला काही फरक पडत नाही तो पैसेही मागत नाही, पुढच्या महिन्यात गुपचूप बंद करतो.

आमच्याकडे दूधवाल्याचा हिशोब अजून कालनिर्णयवर असतो. काकू तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिते, 'दू. नाही', आणि महिन्याच्या शेवटी तेवढे कापून पैसे देते, त्यात तिला कोणी दयामाया शिकवायला जायचं नाही. मागच्या वर्षी दूधवाल्याचे वडील गेले. पहाटे साडेपाचला बेल वाजली, बघतो तर त्याचा आठवी-नववीतला पोरगा, डोळे सुजलेले, म्हणे आजोबा वारले, पाच दिवस दूध येणार नाही, तुमची सोय करून घ्या. एवढं सांगून पुढच्या घरी गेला, सगळी घरं तशीच फिरला. त्या महिन्यात काकूने कॅलेंडरवर पाच खाडे लिहिले आणि पैसे पूर्ण दिले. मी विचारलं तर म्हणाली, सांगून गेला ना तो. त्याच्या आधीचा दूधवाला लग्नाला जाऊन दोन दिवस गायब झालेला, त्याचे तिने दोन्ही दिवस कापले आणि वरून चार शब्द ऐकवले. पेपरसुद्धा दिवाळीला सुट्टी घेतो की, पण आदल्या दिवशी चौकट टाकतो, 'कार्यालयास सुट्टी असल्यामुळे उद्याचा अंक प्रसिद्ध होणार नाही', आणि कोणी काही म्हणत नाही.

तू निरोप दिलाच नाहीस असं नाही, दिलास. पण कसा दिलास बघ. पहिला रविवार गेला, सोमवारी रात्री मेसेज, सॉरी आजारी होते, आता ताप उतरलाय, येत्या रविवारी नक्की. आणि तोच दिवस तुझा खरा धोक्याचा होता! डेंग्यूत ताप उतरला की माणसाला वाटतं सुटलो, पण ताप उतरतो तेव्हाचेच एकदोन दिवस सांभाळायचे असतात, तेव्हाच प्लेटलेट घसरतात, बीपी पडतं, तुझंही तेच झालं, मंगळवारी अ‍ॅडमिट. मग दुसरा रविवार गेला. म्हणजे 'नक्की' म्हणून दिलेला शब्द गेला. लोक रागावलेत ते या 'नक्की'वर. आजारी असताना तारीख द्यायची नाही, कोणालाच. या आजाराला असं वेगळं खास औषध नाही, तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आराम आणि रोज रक्त तपासणं, आणि बरं वाटल्यावरही थकवा तीनचार आठवडे सहज राहतो, कुणाकुणाचा जास्त. त्याला रविवार-सोमवार कळत नाही. नुसतं लिहायचं, 'आजारी आहे, लिहायला बसता आलं की कळवते.' एवढंच. आणि ते रविवारी सकाळी माणूस मोबाईल उघडायच्या आत पोचलं पाहिजे, सोमवारी रात्री पोचून काय उपयोग, तोवर त्याने दहा वेळा बघून झालेलं असतं.

तुला उठवतच नसेल तर? तर भावाला सांगून ठेव. दोन ओळी आत्ताच लिहून त्याच्या मोबाईलवर पाठव, शनिवारी रात्रीपर्यंत माझा लेख तयार दिसला नाही तर रविवारी सकाळी सातला हे सगळ्यांना टाक म्हणावं. त्याला अजून काही लिहू देऊ नको, त्याचं मराठी मी बघितलंय.

आता माझीच गोष्ट सांगतो, तुला आधी सांगितली असेल तर परत वाच. साधारण पंचवीस वर्षांपूर्वी मी एका साप्ताहिकात केळीवर लिहायचो, दर आठवड्याला पाऊण पान. रावेर-यावल पट्ट्यात बऱ्यापैकी वाचायचे लोक, कारण मी भाषण देत नव्हतो, या आठवड्यात बागेत काय करायचं तेवढंच सांगायचो. डिसेंबरात मला कावीळ झाली. सहा आठवडे आडवा. गळ्यात ती काविळीची माळ, बिनातेलाचं जेवण, येणारा प्रत्येक जण वेगळा झाडपाला सांगणार. संपादकांना निरोप गेला होता, त्यांनी मला विचारलंही नाही, जुन्या फायलीतले माझेच लेख काढून छापले, तारीख नाही, पुनर्मुद्रण असा शब्द नाही. जानेवारीत, म्हणजे ऐन थंडीत, जेव्हा केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, बागेला रात्री पाणी द्या, बांधावर ओला काडीकचरा पेटवून धूर करा असं सांगायची वेळ, तेव्हा माझ्या नावाने आलं काय, तर मृगबागेची लागवड कशी करावी. जूनचा लेख!

एका दुपारी रावेरकडचा एक शेतकरी बस बदलत घर शोधत आला. हातात तो अंक, चारदा घडी घातलेला. दारातूनच आवाज चढवून म्हणाला, साहेब, बाग गारठ्याने चालली आणि तुम्ही लागवड काय शिकवताय? मग आत आला, मला बघितलं. माझे डोळे हळदीसारखे. गप्प झाला, पलंगाशेजारच्या लोखंडी खुर्चीवर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली. काकूने पाणी दिलं. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मग कळवायचं ना साहेब. आम्ही दुसऱ्या कोणाला विचारलं असतं."

तब्येत सांभाळा म्हणाला, गेला. पुढच्या आठवड्यात माणसाबरोबर उसाची मोळी पाठवली, रस प्या म्हणून. ते त्याचं एक वाक्य मात्र माझ्या डोक्यात अजून आहे. त्याला माझ्याकडून दर आठवड्याला लेख हवाच होता असं नव्हतं. मी नाहीये हे त्याला कळायला हवं होतं, म्हणजे तो त्याची सोय बघणार.

तुझं माझ्यापेक्षा सोपं आहे, तुझा शब्द एक आठवडा उशिरा गेला तर कोणाची बाग जळत नाही. म्हणून तुला साठवण करता येते, मला येत नव्हती. आपल्याकडे बायका उन्हाळ्यात बिबडे, ज्वारीचे पापड, करून डब्यात भरून ठेवतात ना, भाजी नसली त्या दिवशी भाजले की जेवण होतं, तसे दोन शब्द लिहून बाजूला ठेव. सणवार नाही, पाऊस नाही, बातमी नाही असे. आंडेर, आंडोर हे घे बघ, मुलगी आणि मुलगा, मराठीत दोघांनाही लेक म्हणतात, अहिराणीत दोन वेगळे शब्द, त्यावर कधीही लिहिता येईल. पण ते पाठवताना खरं सांगायचं, 'आजारी आहे, हे आधी लिहून ठेवलेलं पाठवतेय.' आणि जुनंच परत पाठवणार असशील तर परत पाठवतेय असं लिही. लोकांना शिळी भाकरी चालते गं, कुस्करून फोडणी दिली तर आवडीने खातात, पण ताजी म्हणून वाढली की ताट सरकवतात.

तिसऱ्या रविवारी तू जे पाठवलंस त्याबद्दल बोलायलाच हवं. बाराशे शब्द! प्लेटलेट किती, कुठल्या वॉर्डात, नर्स काय म्हणाली, सलाईनची सुई कुठल्या हातात, आणि शेवटी रडून माफी. वाचून मला वाईट वाटलं आणि जरा रागही आला. वाचक तुझा मामा नाही. त्याला एवढं सगळं सांगितलं की तो बिचारा अडकतो, पैसे मागावे तर निर्दयी, नाही मागावे तर मनात राहतं. मग काय झालं ते तूच सांगितलंस, चाळीस जणांनी पपईच्या पानाचा रस सांगितला, काहींनी शेळीचं दूध (डेंग्यूच्या दिवसात शेळीवाल्यांची चैन असते), आणि एक जण म्हणाला की नाटक करतेय. त्या एकाचं सोड. पण तुझा आजार हा कॉलमचा विषय झाला आणि शब्द बाजूला राहिला, हे बरोबर झालं नाही.

कोणीतरी तुला आगरकरांचं उदाहरण दिलं म्हणतेस, की दमा असूनसुद्धा 'सुधारक' पत्र चालवलं. चालवलं, खरं आहे. १८८८ ला सुरू केलं आणि १८९५ ला गेले, वयाची चाळिशीसुद्धा नाही गाठली. हे उदाहरण देणाऱ्याला पुढचं अर्धं वाक्य सांगायला विसरू नकोस. आणि त्यांच्याही सोबतीला सुरुवातीला इंग्रजी बाजू बघायला गोपाळ कृष्ण गोखले होते, तुझ्या सोबतीला तर तो भाऊ. आजारात लिहिण्याचं कौतुक मला कधीच पटलेलं नाही. तापात लिहिलेलं मी छापायला पाठवलंय एकदोनदा, नंतर वाचवत नाही.

मग हक्क कोणाचा, असं तू विचारलंस. पैसे घेतलेस म्हणजे रविवार तुझ्यावर उधार आहे, हे कबूल कर, त्यात कमीपणा नाही. पण तो माल आहे, तू वेठबिगार नाहीस. माल नाही दिला तर पैसे किंवा मुदत, बास. कोणी मागायच्या आधी तूच सांग की सगळ्यांच्या वर्गणीची मुदत एक महिना वाढवली. सव्वादोनशे लोक आहेत, तुला झेपेल. त्यातून ज्याला रोख हवेत त्याला त्याच संध्याकाळी परत कर, कारण विचारू नको, टोमणा मारू नको, 'आपल्या भावना समजल्या' असलंही काही लिहू नको.

आणि बरी झालीस की राहिलेले तीन रविवार एकदम भरून काढायला जाऊ नको. मला माहितीये तुझा स्वभाव, एका रविवारी चार शब्द पाठवशील, उधारी फेडल्यासारखं. कोणी वाचणार नाही आणि तू परत झोपशील. पहिला लेख लहान असू दे, नेहमीच्या निम्मा. आजाराचा 'आ'सुद्धा त्यात नको, सरळ शब्दापासून सुरुवात कर. वाचकाला तूच हवी होतीस, ती परत आली हे त्याला पहिल्या ओळीत कळतं.

बाकीचे लोक काहीच बोलले नाहीत म्हणून तू जास्त घाबरलीस असं दिसतं. ते वाट बघतायत गं. त्या धुळ्याच्या आजीबाई, ज्या दर रविवारी फक्त एक अंगठा पाठवतात, त्यांनी काल मला फोन केला, नंबर कुठून मिळवला काय माहीत. नमस्कार नाही चमत्कार नाही, एवढंच, "पोरनी तब्येत कशी शे?" मी सांगितलं सुधारतेय. बरं म्हणाल्या, ठेवला.

काकू म्हणतेय भरिताची वांगी बाजारात यायला लागली की कळण्याची भाकरी करू, तेव्हा ये, आत्ता तुला तिखट सोसणार नाही. लिंबूपाणी पीत राहा, मोबाईल रात्री बंद करत जा.

आणि त्या सुरतवाल्याला पैसे आजच पाठव. २५ नको, साडेसदतीस पाठव. तिसऱ्या रविवारचा तो रिपोर्ट काही शब्द म्हणून धरता येणार नाही.

काका